कोणी गेलं थोडीच!

नोकरी गेली, संसार मोडला, दुकान बसलं, की भेटायला येणारा पहिल्यांदा हेच म्हणतो: "जीव तर शाबूत आहे ना? कोणी गेलं थोडीच!" बोलणाऱ्याचं मन चांगलं असतं. म्हणणं मात्र साफ चूक आहे.

नागपूरच्या सदरमध्ये रेसिडेन्सी रोडलगतच्या गल्लीत एका काकांचा फोटो स्टुडिओ होता. तो बंद झाला तेव्हा सगळ्यांनी त्यांना आराम करायला सांगितलं. त्यांच्या पलंगाखाली अजून निगेटिव्हचे डबे आहेत. पाकिटांवर पेन्सिलीने आडनाव आणि लग्नाची तारीख. टाकवत नाहीत, द्यायचे कोणाला तेही कळत नाही. घरात कोणी वारलं असतं तर शेजारून जेवण आलं असतं, तेरवीपर्यंत माणसांचा राबता राहिला असता. स्टुडिओ गेला तेव्हा आले ते फक्त फर्निचरचा भाव विचारणारे.

यावर आक्षेप असा, की प्रत्येक नुकसानीला शोक म्हटलं तर ज्याचा तरुण मुलगा गेला त्याने काय म्हणावं? पण एकाच्या रडण्याने दुसऱ्याचं दुःख कमी होत नाही. १९६७ साली होम्स आणि राहे या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी आयुष्यातल्या ४३ घटनांना ताणाचे गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला १००, घटस्फोटाला ७३, जवळच्या नातलगाच्या मृत्यूला ६३, नोकरी जाण्याला ४७. माणसागणिक हे बदलेल; पण घटस्फोट तिथे नातलगाच्या मृत्यूच्याही वर आहे.

नागपूरकरांनी तर हा आक्षेप घेऊच नये. राज्य पुनर्रचनेच्या फाजल अली आयोगाने वेगळ्या विदर्भाची शिफारस केली, ती बाजूला पडली आणि १ नोव्हेंबर १९५६ ला आपल्याकडची मध्य प्रदेशची राजधानी भोपाळला गेली. कोणी मेलं नव्हतं. तरी "राजधानी गेली" ही सल इथे नातवंडांपर्यंत पोचली आहे, आणि इथे भरणाऱ्या विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाने ती भरून निघाली असं कोणी मानत नाही. शहराच्या दुःखाला आपण पिढ्या देतो, मोडलेला संसार मागे टाकून माहेरी आलेल्या मुलीला मात्र सहा महिन्यांत विचारतो, "आता पुढे काय?"

मरणाच्या घरी करतो तेच इथे करावं. डबा घेऊन जावं, बसावं, जे गेलं त्याबद्दलच विचारावं. काकांना एक पाकीट उघडायला सांगा, ते तासभर बोलतील. नव्या नोकरीची जाहिरात पहिल्याच भेटीत नको. आणि झोप-जेवण तुटलं, जगणं नकोसं झालं, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर आपणच फोन लावून द्यावा. तिथे मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.