रविवारचा शॉक!

ब्रेक दाबला की बाबांची जुनी ४०७ नाक जमिनीत खुपसायची. बाबांचं एकच, ‘चालतंय गं!’ पण त्यांची कंबर वेगळंच सांगत होती. म्हटलं, पुढचे शॉकअप आपणच बदलू.

शनिवारी रात्री गंजलेल्या नटांवर तेल सोडलं. रविवारी मागच्या चाकांना उटी, पुढे अ‍ॅक्सलखाली स्टँड. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, मंडळी! वजन पाट्यांवर असतं, त्यामुळे नट सुटले की शॉकअप निघतोच. जुना हाताने दाबला, तर फुटक्या पंपासारखा आत गेला! नवे मात्र जोडीनेच बसवले.

संध्याकाळी गल्लीतल्या खड्ड्यातून चक्कर. बाबा गप्प. मग हळूच म्हणाले, ‘आता माझेही बदल!’