क्रियापदांचे दारिद्र्य

'कस्टम ऑब्झर्व्ह करणे', 'फेस्टिव्हल सेलिब्रेट करणे', 'रिच्युअल परफॉर्म करणे' ही इंग्रजी जोडपी आमची मुले घोकून पाठ करतात. त्यास आमचा विरोध नाही. परक्या भाषेत कोणत्या नामाशी कोणते क्रियापद नांदते हे शिकलेच पाहिजे. खेद याचा, की हाच काटेकोरपणा मातृभाषेच्या वाट्यास येत नाही. तेथे सर्वांची बोळवण एका 'फॉलो करणे'वर होते!

म्हसवडचा सिद्धनाथ-जोगेश्वरीचा उत्सव पाहावा. दिवाळीच्या पाडव्यास घट बसतात, तुळशीविवाहास देवाचे लग्न लागते, मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेस रथातून वरात निघते, यात्रा भरते. कोणी नवस बोलतो, कोणी फेडतो. 'फेडणे' हे क्रियापद कर्जाचे. म्हणजे देवास दिलेला शब्द हे ऋणच, ही समजूत त्या एका क्रियापदात साठविलेली आहे. 'नवस कम्प्लीट केला' म्हणताच ऋण गेले, उरले ते केवळ आटोपलेले काम.

भाषा बदलते, असे कोणी म्हणेल. बदलावी, नवे शब्द खुशाल यावेत. परंतु दहा क्रियापदे जाऊन त्यांच्या जागी एकच येणे, यास आम्ही वाढ म्हणत नाही, दिवाळे म्हणतो.