बाटलीत प्रकाशसंश्लेषण मिळत नाही

पावसानं दडी मारली की गावात बाटल्या फिरायला लागतात. "फवारा, प्रकाशसंश्लेषण वाढतंय, पान काळंभोर होतंय." सोयाबीनला तीच बाटली, उसालाही तीच! अहो, दोघांचा कारखाना तरी एक आहे का?

भर दुपारी सोयाबीनला ऊन कमी पडतं का? ऊन तर उतू जात असतं. मुळाशी ओल नसते, म्हणून पान रंध्रं मिटून घेतं. मग कार्बन डायऑक्साइड आत यायचा थांबतो. रुबिस्को नावाचं विकर त्याच्याऐवजी जास्त वेळा ऑक्सिजन पकडतं आणि बांधलेला थोडा कार्बन परत हवेत जातो. हेच प्रकाशश्वसन. ऊस सी-४ पीक. तो कार्बन आधी दुसऱ्या विकरानं धरतो आणि आतल्या पेशींत रुबिस्कोपाशी नेऊन कोंडतो, म्हणून त्याची गळती फार थोडी. पाणी मात्र त्यालाही लागतंच.

आता मिटलेल्या रंध्रांपुढं टॉनिक काय करणार? काळं पान तर युरियानंही होतं, त्यानं दाणा भरत नाही. लोहाच्या कमतरतेनं पान पिवळं पडलं असेल तर फेरस जरूर फवारा, ती गोष्ट वेगळी. नाहीतर बाटलीचे पैसे डिझेलला ठेवा आणि शेंगा भरताना एक संरक्षित पाणी द्या. विकणाऱ्याला एवढंच विचारा: यात घटक कोणता, आणि तो कोरड्या रानात रंध्रं कशी उघडतो?