बॉस, पत्ते पन्नासच!

पत्ते म्हटलं की आपल्याकडे एकच फंडा. समोरच्याची वाट लावायची! मेंढीकोटात कोट चढवायचा, झब्बू द्यायचा, चॅलेंजमध्ये ‘चार सत्त्या’ म्हणून दोन गुलाम, एक नव्वी आणि एक तिर्री बिनधास्त सरकवायची. आमच्या सांगलीच्या घरी मे महिन्यात बदाम सातला अठ्ठी दाबून बसलेल्या माणसाशी रात्रीच्या आमरसापर्यंत कुणी बोलत नसे. (आत्या होती ती. जाऊ दे.)

त्यामुळे ‘सगळ्यांनी मिळून जिंकायचं किंवा सगळ्यांनी मिळून हरायचं’ असा पत्त्यांचा खेळ असतो हे कळलं तेव्हा मला वाटलं, मग भांडायचं कुणाशी? उत्तर : खोक्याशी. शत्रूचे पत्ते खेळ स्वतःच उलटतो, आपण एकमेकांना सांभाळत तगायचं. निदान ऑफिशियल फंडा तरी असा आहे. प्रत्यक्षात माझं भांडण झालं ते सख्ख्या भावाशी. पण ते पुढे.

खेळाचं नाव ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज : द कार्ड गेम’. नेट फ्रेंच या डिझायनरचा, फॅन्टसी फ्लाइट गेम्सने २०११ मध्ये आणलेला. २०२२ मध्ये सुधारित खोका आला, त्यात चार जणांपर्यंत खेळता येतं. ‘मॅजिक’सारखं इथे बंद पाकिटातून नशिबाने काय निघेल त्यावर खिसा रिकामा करायचा नाही. खोक्यात काय आहे ते आधीच ठरलेलं, सगळ्यांना सारखं. मग गंमत कशात? तर त्या ढिगाऱ्यातून आपला स्वतःचा कॅट लावण्यात. याला म्हणायचं डेक बांधणं.

नियम सोपे. एक ते तीन हीरो घ्यायचे, म्हणजे सगळे तीनच घेतात. किमान पन्नास पत्ते, एका नावाचे जास्तीत जास्त तीन. पत्त्यांचे चार रंग : लीडरशिप जांभळा, टॅक्टिक्स लाल, स्पिरिट निळा आणि लोअर हिरवा. प्रत्येक हीरो दर राउंडला एक रिसोर्स देतो, आणि रंगाचा पत्ता विकत घ्यायचा तर त्याच रंगाच्या हीरोचा पैसा लागतो.

इथेच नवशिक्याचा पहिला पचका होतो. तीन हीरो तीन रंगांचे घेतले की डेक दिसतो मस्त, रंगपंचमी! पण पहिल्या राउंडला प्रत्येक रंगाचा एकच रुपया हातात. ‘स्ट्यूअर्ड ऑफ गोंडोर’सारखा दर राउंडला दोन जास्तीचे रिसोर्स देणारा सॉलिड पत्ता हातात आहे, किंमत दोन, आणि तुमच्याकडे जांभळा एकच. बसा बघत! म्हणून सुरुवातीला दोनच रंग. तिसऱ्याचा मोह होईल, तो टाळा.

दुसरा पचका म्हणजे पत्ते कमी करायला हात धजत नाही. ‘हा पण असू दे, तो पण असू दे’ करत डेक साठावर जातो. थोडं गणित करू या (घाबरू नका, मीही मास कॉमवालीच आहे). सुरुवातीला हातात सहा पत्ते येतात. पन्नासच्या डेकमध्ये एखादा पत्ता तीनदा असेल, तर तो पहिल्या सहांत निदान एकदा येण्याची शक्यता ३२ टक्के. साठचा डेक केलात की ती २७-२८ वर येते. एकच प्रत ठेवलीत तर पन्नासमध्येही फक्त १२ टक्के. हात आवडला नाही तर सगळा परत टाकून एकदा नवीन घेता येतो, मग तीन प्रतींवाल्याची शक्यता ५४ च्या घरात जाते. आणि पुढे राउंडला एकच पत्ता मिळतो. म्हणजे आठ राउंड चाललेल्या डावात तुम्ही साधारण चौदा पत्ते बघता, बाकीचे छत्तीस तळाशी झोपलेलेच! तेव्हा ज्याच्यावर डेक उभा आहे तो पत्ता तीनदा, आणि ‘कधीतरी उपयोगी पडेल’वाला बाहेर. माझ्या कपाटालाही हाच नियम लावायचा विचार आहे, गेली दोन वर्षं.

आता भाऊ. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, इंजिनीअर. नोकरी लागली होती, पण कंपनीने जॉइनिंग आधी तीन महिने पुढे ढकललं, मग आणखी तीन, आणि मग एक दोन ओळींचा मेल पाठवला. तो बॅग घेऊन माझ्या कर्वेनगरच्या वन बीएचकेत येऊन राहिला. मी ताई. मी कामाला लागले. त्याचा सीव्ही मी नवा केला, कुठे कुठे अर्ज केले त्याची एक्सेल शीट केली, सकाळी सातला उठवायला लागले. आणि रात्री विरंगुळा म्हणून हा खोका काढला. तर त्याचा डेकही मीच बांधला.

त्याला हवे होते अ‍ॅरागॉर्न, गिमली आणि लेगोलास. पीटर जॅक्सनचे तिन्ही सिनेमे त्याने इतक्यांदा पाहिलेत की आईलासुद्धा ही तिघं ओळखू येतात. मी म्हटलं, चालणार नाही. का? तर प्रत्येक हीरोचा एक थ्रेटचा आकडा असतो. तिघांची बेरीज म्हणजे तुमचा सुरुवातीचा थ्रेट. तो दर राउंडला एकने वाढतो आणि पन्नासला पोचला की तुमचा खेळ खल्लास. शिवाय प्रत्येक शत्रूवर एक आकडा असतो. तुमचा थ्रेट तिथवर गेला की तो थेट तुमच्या अंगावर येतो. खोक्यातल्या दुसऱ्या मोहिमेत, अँडुइन नदीच्या प्रवासात, सुरुवातीलाच एक टेकडीवरचा ट्रोल उभा असतो. त्याचा आकडा ३०. अ‍ॅरागॉर्न १२, गिमली ११, लेगोलास ९. बेरीज ३२. म्हणजे पहिल्याच राउंडला ट्रोल दारात! हल्ला सहाचा, बचाव तीन, जीव नऊ.

आणि हे तिघं मोहीम पुढे न्यायला ढ. त्यासाठी लागते विलपॉवर. तिघांची मिळून पाच. एकट्या एओविनची चार! नवशिक्यांना माझा हमखास सल्ला : एओविन घ्याच. मोहिमेवर माणसं पाठवणं कमी पडलं, तर जितकं कमी तितका सगळ्यांचा थ्रेट चढतो, आणि बहुतेक नवे लोक ट्रोलच्या हातून नाही, या हळू चढणाऱ्या आकड्याने मरतात.

तर मी त्याच्याकडून अ‍ॅरागॉर्न काढून घेतला (एका नावाचा हीरो टेबलवर एकच चालतो) आणि स्वतःकडे ठेवला. माझा डेक अ‍ॅरागॉर्न, थिओड्रेड, एओविन. जांभळा-निळा, बेरीज २९. थिओड्रेड मोहिमेवर गेला की सोबतच्याला एक रिसोर्स देतो, तो खर्चून अ‍ॅरागॉर्न पुन्हा उभा राहतो आणि लढायलाही मोकळा. काय सुंदर जमतं! त्याला दिले गिमली, लेगोलास, थॅलिन. तेही २९. आम्ही जिंकलो. दुसऱ्या रात्रीही जिंकलो. तिसऱ्या रात्री मी म्हटलं, ‘‘आता तो भाला नको टाकूस, फेन्ट ठेव,’’ तेव्हा त्याने हातातले पत्ते माझ्यासमोर उलटे ठेवले.

‘‘ताई, दोन्ही बाजूंनी तूच खेळतेयस. मी नुसते पत्ते धरून बसलोय.’’

आवाज चढवला नाही त्याने. चढवला असता तर बरं झालं असतं. उठून पाण्याच्या बाटल्या भरायला गेला, आणि नळ चालू असतानाच, माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘‘आणि ती कंपनी मला नको होती.’’

त्याच सकाळी मी त्याच्या लॅपटॉपवरून, त्याच्या नावाने एक अर्ज पाठवला होता. त्याला न विचारता. शीटमध्ये हिरवी खूणही केली होती.

बोर्ड गेमवाले अशा खेळाडूला ‘अल्फा प्लेअर’ म्हणतात. सहकाराच्या खेळांना लागलेली ही जुनी कीड. या खेळाच्या नियमपुस्तकातही त्यावर उपाय आहे : बोला, हवं तितकं बोला, पण हातातल्या पत्त्याचं नाव घ्यायचं नाही, वाचून दाखवायचा नाही. आम्ही पहिल्या दिवसापासून पत्ते उघडे ठेवून खेळत होतो. माझीच आयडिया. शिकायला सोपं पडतं म्हणे.

चार दिवस खोका निघाला नाही. एक्सेल शीट मी त्याच्या नावावर करून दिली आणि माझ्याकडून काढून टाकली. रविवारी तो स्वतःचा डेक घेऊन बसला. अ‍ॅरागॉर्न, गिमली, लेगोलास. बेरीज ३२. मी जीभ चावली. मी यंदा एओविन, एलेनॉर, थिओड्रेड घेतले, बेरीज २४.

पहिल्या राउंडला ट्रोल अर्थात त्याच्यावर धावून गेला. त्याने गिमलीच्या हातात ड्वार्फांची कुऱ्हाड दिली (बुटक्या गिमलीला दोनचा जादा हल्ला), आणि मग शांतपणे फेन्ट टाकला. एक रिसोर्स, ट्रोलचा हल्ला रद्द! बचावाला कुणी अडकलं नाही, म्हणून तिघंही मारायला मोकळे. तीन, तीन आणि चार, दहा. बचाव तीन वजा. सात. पुढच्या राउंडला गिमलीने चार घाव झेलले, एकावर जीव राहिला, आणि बाकी दोघांनी ट्रोल आडवा केला. माझा थ्रेट खाली होता, त्यामुळे ट्रोलने माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. मी आरामात मोहिमेवर.

म्हणजे माझा ‘तीसच्या खाली राहा’ हा सल्ला एकट्याने खेळणाऱ्याला बरोबर होता. दोघांत एकाने मुद्दाम वर राहून शत्रू अंगावर घ्यायचे आणि दुसऱ्याने वाट चालायची, हे मला सुचलंच नव्हतं. तेव्हा दोघं असाल तर आपापले डेक वेगळे बांधा, पण काय काम कुणाचं एवढं आधी बोलून घ्या.

जिंकलो का? नाही! दुसऱ्या टप्प्यात नदीकाठच्या जागा साचत गेल्या, माझी एकटीची विलपॉवर पुरेना, थ्रेट भराभर चढला आणि त्याचा पन्नासला टेकला. तो जाम हसला. दोन पत्ते काढले, दोन घातले. कुठले ते मला दाखवले नाहीत.

‘‘आणखी एक डाव?’’ म्हणत तो कॅट पिसायला लागला. मी माझे पत्ते मोजले. एक्कावन्न. त्याला अजून सांगितलेलं नाही.