वाघाचे पालक कोण?

मुंबईतील एका स्नेह्यांच्या दिवाणखान्यात चौकटीत बसवलेले एक प्रमाणपत्र पाहिले. त्यांनी एका वन्य प्राण्याला वर्षभरासाठी दत्तक घेतले होते. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात अशी योजना बरीच वर्षे आहे. तेथील बंदिस्त प्राण्यांपैकी एक निवडायचा आणि त्याच्या वर्षभराच्या खाण्यापिण्याचा खर्च उचलायचा. वाघासाठी ही रक्कम तीन लाख रुपयांच्या घरात जाते, हरणासाठी अर्थातच बरीच कमी. पिंजऱ्यापाशी पालकाच्या नावाची पाटी लागते. 2021 मध्ये करोनामुळे प्राणिसंग्रहालये ओस पडली, तेव्हा एका लोकप्रिय कन्नड अभिनेत्याच्या आवाहनावरून कर्नाटकात हजारो लोकांनी असेच प्राणी दत्तक घेतले.

या योजनांची टवाळी करण्याचा माझा हेतू नाही. बंदिस्त प्राण्याला रोज अन्न लागते आणि कोणी ते आपखुशीने पुरवत असेल तर ते पुण्याचेच काम आहे. माझा आक्षेप एवढाच की या दानाला आपण ‘वन्यजीव संवर्धन’ म्हणू लागलो आहोत. मी यवतमाळ जिल्ह्यातला. आमच्याकडचा वाघ पिंजऱ्यात राहत नाही, आणि त्याचा खर्च कोण उचलतो हे कोणत्याही पाटीवर लिहिलेले नसते.

पांढरकवड्याजवळचे टिपेश्वर अभयारण्य अवघे 148 चौरस किलोमीटरचे. टिपाई देवीच्या नावावरून त्याला हे नाव पडले. वाघांची संख्या वाढली की एवढ्या जागेत ती मावत नाही आणि वयात आलेले नर बाहेर पडतात. 2019 मध्ये येथून निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक तरुण नर महाराष्ट्र आणि तेलंगणातील अनेक जिल्हे तुडवत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. एकूण 3000 किलोमीटरांहून अधिक चाल त्याच्या नावावर नोंदली गेली. या प्रवासाचे जगभर कौतुक झाले. वर्तमानपत्रांनी त्याला ‘वॉकर’ म्हटले. परंतु इतकी चाल उपाशीपोटी होत नसते. वाटेत त्याने रानडुकरे मारली, तशी गुरेही मारली. ज्यांच्या गोठ्यातले जनावर गेले, ते सगळे त्या वाघाचे पालकच नव्हेत काय? फरक एवढाच, की त्यांना कोणी विचारले नव्हते आणि त्यांच्या भिंतीवर प्रमाणपत्र लागले नाही.

दुसरे उदाहरण अधिक दुखरे आहे. 2016 ते 2018 या काळात राळेगाव-पांढरकवडा परिसरातील 13 माणसांच्या मृत्यूशी एका वाघिणीचे नाव जोडले गेले. वनखात्याच्या कागदांत ती ‘टी-1’ होती. ‘अवनी’ हे नाव तिला प्राणिप्रेमींनी दिले. तिच्यासाठी स्वाक्षऱ्या गोळा झाल्या, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटीच्या जंगलात ती गोळीला बळी पडली. तिला ज्या रीतीने मारले गेले त्यावर घेतलेले आक्षेप गंभीर होते आणि ते घ्यायलाच हवे होते. तरीही एक गोष्ट मला आजतागायत टोचते. वाघिणीचे नाव देशभर झाले. त्या 13 जणांपैकी एकाचे तरी नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? दत्तक घेण्याची सुरुवात नाव देण्यापासून होते. आपण नाव कोणाला दिले आणि कोणाला केवळ आकडा ठेवले, यातच आपले पालकत्व कळून येते.

तिच्या मादी बछड्याला पकडून पेंचमध्ये कुंपणात वाढवण्यात आले. मार्च 2021 मध्ये ती जंगलात सोडली गेली आणि काही दिवसांतच जखमी होऊन मेली. सगळी काळजी घेऊन, सगळा खर्च करूनही हे घडले. जंगलातले जगणे विकत घेऊन देता येत नाही, याची ही कठोर आठवण आहे.

मग काय करावे? नुकसानभरपाई देणे सरकारचे काम आहे, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. माणूस दगावल्यास द्यायची रक्कम राज्य सरकारने 2022 मध्ये 20 लाख रुपये केली आणि पुढे आणखी वाढवली. परंतु मृत्यूनंतर मिळणारा पैसा मृत्यू टाळत नाही. आमच्याकडे शेतकरी रात्री जागलीला जातो तो वाघ पाहायला नव्हे. रोही आणि रानडुकरे उभे पीक एका रात्रीत लोळवतात म्हणून. ओलिताची वीज रात्री आली तर तो रात्रीच मोटर सुरू करायला निघतो. गुराखी सकाळी गुरे घेऊन जंगलाच्या कडेने जातो, कारण चराई दुसरीकडे उरलेली नाही. वाघ आणि माणूस समोरासमोर येण्याच्या या जागा आहेत, आणि यांपैकी पुष्कळशा पैशाने बदलता येण्यासारख्या आहेत. शेताला सौरकुंपण, घराला शौचालय, गोठ्याला भक्कम दार, आणि मारलेल्या बैलाची थोडीफार रक्कम पंचनाम्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात हाती पडणे, एवढ्याने गावाचा राग पुष्कळ शमतो. राग शमला तर मेलेल्या बैलावर विष टाकण्याचा विचार मनात येत नाही. शहरातल्या दात्याने वाघाऐवजी वाघाचा शेजारी दत्तक घ्यावा, असे माझे म्हणणे आहे.

यात अडचण आहे, हे मला कळते. सौरकुंपणाचे छायाचित्र दिवाणखान्यात शोभत नाही. बैलाच्या डोळ्यांत वाघाची ऐट नसते. पण आमच्याकडे पोळ्याला त्याच बैलाला न्हाऊ घालतात, शिंगे रंगवतात, पुरणपोळीचा घास देतात. त्याला वर्षभर पोसणाऱ्याला पालकत्व कोणी शिकवावे लागत नाही. तोच बैल वाघाने नेला आणि तरीही धन्याने वाघावर सूड घेतला नाही, तर यवतमाळच्या रानात संवर्धन झाले असे समजावे. त्या माणसाच्या वाट्याचा थोडा खर्च आपण उचलला, तर वाघाचे पालक म्हणवून घेण्याचा थोडासा अधिकार आपल्यालाही पोहोचेल.