दारावरचा सिंह
युक्रेनमधल्या ल्विव शहराच्या मुद्रेवर निळ्या पार्श्वभूमीवर तीन बुरुजांची वेस आहे आणि तिच्या दारात सोनेरी सिंह उभा आहे. शहराच्या झेंड्यावरही तोच. आम्हा खजुरी गावाकडच्यांना हे चित्र परकं वाटू नये. बिदर किल्ल्याच्या शर्झा दरवाजावर दगडात कोरलेली दोन श्वापदं आहेतच. आत तख्तमहालाच्या कमानीवर तर वाघाच्या पाठीवर सूर्य उगवतो. ही इराणी राजचिन्हाची धाटणी बहमनींनी इथवर आणली. त्याही आधी कल्याणीच्या चालुक्यांची खूण होती वराह. एवढं वैभव हाताशी असताना आपल्या गावोगावच्या कमानींवर नुसती नावं रंगवली जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पुढची कमान उभारण्याआधी ग्रामपंचायतीनं शाळेतल्या चित्रकलेच्या गुरुजींना एकदा बिदरला धाडावं.