परदेशातील मृत्यू आणि पार्थिवाची घरवापसी : छाणीकरांचे मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, वडोदरा
मा. आयुक्त, वडोदरा महानगरपालिका
प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी : गुजरात शासनाचा अनिवासी भारतीय विभाग आणि परराष्ट्र मंत्रालय, नवी दिल्ली

विषय : परदेशात मृत्यू पावलेल्या नातलगाचे पार्थिव किंवा अस्थी घरी आणण्यासाठी जिल्हा पातळीवर व्यवस्था करण्याबाबत

महोदय,

छाणी, फर्टिलायझरनगर, बाजवा आणि निझामपुरा येथील मराठी कुटुंबांच्या आमच्या मंडळाने हे मागणीपत्र सर्वसाधारण सभेत मंजूर केले आहे. गुजराती प्रत सोबत जोडली आहे. विषय परिसरातल्या सगळ्याच घरांचा असल्याने मागण्याही सर्वांसाठी आहेत.

पार्श्वभूमी

या भागातली मुले पूर्वी खत कारखान्यात, रिफायनरीत किंवा नंदेसरीत चिकटत. आता तेच हुन्नर घेऊन फिटर-वेल्डर आखातात जातात, धाकटी भावंडे कॅनडात शिकायला जातात. जाताना सगळे गाव पोचवायला येते. तिकडे कुणी दगावले, तर मात्र घरचे एकटे पडतात.

परमुलखात मेलेल्याचा देह मिळत नसे, तेव्हा आपल्याकडे पळसाच्या पानांचा पुतळा जाळून, म्हणजे पालाशविधी करून, सुतक फेडत. १९३३ मध्ये विठ्ठलभाई पटेल जिनिव्हाजवळ वारले, तेव्हा त्यांचे पार्थिव बोटीने मुंबईला आले. तो मान पुढाऱ्याचा होता. क्रांतिकारक श्यामजी कृष्णवर्मा १९३० मध्ये जिनिव्हात गेले आणि त्यांच्या अस्थी २००३ मध्ये गुजरातेत आल्या. आज रोज विमाने आहेत, त्यामुळे साध्या घरालाही वाटते की आपला माणूस आपल्या हातून मार्गी लागावा. ही अपेक्षा अवाजवी नाही.

अडचण नेमकी कुठे आहे

नियम आहेत आणि निधीही आहे. परराष्ट्र मंत्रालयाचा भारतीय समुदाय कल्याण निधी २००९ पासून चालू आहे. गरजू कुटुंबाच्या पार्थिवाचा खर्च त्यातून करता येतो. हा निधी मुख्यतः कॉन्सुलर सेवांवरच्या शुल्कातून उभा राहतो, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांच्याच खिशातून. सौदी अरेबियाच्या कामगार कायद्यात कामगाराचे पार्थिव परत पाठवण्याचा खर्च मालकावर आहे. तक्रारीसाठी २०१५ पासून ‘मदद’ पोर्टल आहे. पार्थिव देशात आणण्याच्या आरोग्य परवानगीसाठी २०२३ पासून ‘ई-केअर’ पोर्टल आहे.

पण हे सगळे जुळवायचे कुणी? मृत्यूचा दाखला, एम्बामिंगचा दाखला, दूतावासाची ना-हरकत आणि रद्द केलेला पासपोर्ट, हे चारही कागद हातात आल्याशिवाय पेटी विमानात चढत नाही. आखातात पुष्कळदा वारसांचे संमतिपत्र लागते, तेही साक्षांकित. बातमी सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी आली, तर मामलतदार कचेरी सुट्टी संपल्याशिवाय उघडत नाही. आणि तिकडे शवागारात दिवस मोजले जातात. अपघात, खून किंवा आत्महत्येचा संशय असला, तर पोलिसांची परवानगी आणखी वेगळी.

नावांचा घोळ तर आमच्या घरोघरी आहे. शाळेच्या दाखल्यात ‘रमेशभाई’, पासपोर्टात ‘रमेश’, बँकेत आडनाव आधी. जिवंतपणी कुणी विचारत नाही. मृत्यूनंतर विमा, थकलेला पगार आणि वारसा तिन्ही त्या एका ‘भाई’पाशी अडतात.

दुसरी गोष्ट विम्याची. प्रवासी भारतीय बीमा योजनेत अपघाती मृत्यूला दहा लाखांचे संरक्षण आहे, पण सक्ती फक्त एमिग्रेशन तपासणी लागणाऱ्या पासपोर्टधारकांना. दहावी झालेल्याला ती तपासणी लागत नाही. आमचा आयटीआय झालेला मुलगा दहावी पास असल्यामुळेच विम्याच्या सक्तीतून सुटतो आणि सरकारी नोंदीतूनही. विद्यार्थ्यांचेही तेच.

पेटी अहमदाबादच्या कार्गो विभागात उतरली की एक्सप्रेस-वेने छाणी दीड-दोन तासांवर. एवढ्याशा वाटेसाठी शववाहिका ऐन वेळी शोधावी लागते आणि भाव समोरचा सांगेल तो. पेटी घरी आली, तरी लिफ्टमध्ये मावत नाही, जिन्यावर वळत नाही. आत बहुधा जस्ताच्या पत्र्याचे डाक लावलेले अस्तर असते. स्मशानात ते कापायला कात्री नसते, आणि पावती फाडणारा इथल्या डॉक्टरचा दाखला मागतो, जो असूच शकत नाही. वीस-पंचवीस माणसे उन्हात उभी आणि घरचा कर्ता फोनवर.

मागण्या

१. जिल्हाधिकारी कार्यालयात या कामासाठी एक नोडल अधिकारी नेमावा. त्याचा दूरध्वनी सुट्टीच्या दिवशीही चालू असावा. दूतावास, मालक, विमान कंपनी आणि विमानतळ आरोग्य अधिकारी यांच्याशी पत्रव्यवहार त्याने करावा. कुटुंबाने फक्त त्याच्याशी बोलावे.

२. वारसांचे संमतिपत्र व नावातील फरकाचा दाखला मामलतदार कचेरीतून त्याच दिवशी मिळावा. नमुना गुजराती, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत असावा.

३. कल्याण निधीचा अर्ज कुटुंबाच्या वतीने नोडल अधिकाऱ्याने भरावा. मृताचा व्हिसा संपला होता किंवा तो चोरवाटेने गेला होता, म्हणून अर्ज अडवू नये. जानेवारी २०२२ मध्ये डिंगुचा गावचे चौघांचे कुटुंब कॅनडा-अमेरिका सीमेवर गोठून गेले आणि त्यांचे अंत्यसंस्कार तिकडेच झाले. चोरवाटेने पाठवणाऱ्या दलालाचा गुन्हा मृताच्या माथी मारता कामा नये.

४. पार्थिवाचे भाडे वजनावर न आकारता ठरावीक असावे. एअर इंडियाने जानेवारी २०१९ मध्ये संयुक्त अरब अमिरातीहून प्रौढासाठी १,५०० दिरहम असा दर लावला होता. हीच पद्धत सर्व देशांसाठी व सर्व कंपन्यांना लागू करण्याविषयी राज्याने केंद्राकडे शिफारस करावी.

५. अहमदाबाद विमानतळापासून घरापर्यंत मोफत शववाहिका द्यावी. केरळात ‘नोर्का’ विभागाकडून अशी सेवा मिळते. गुजरातेला ती जड जाऊ नये.

६. महापालिकेने खासवाडीसह सर्व स्मशानांना लेखी सूचना द्यावी, की दूतावासाचे कागद अंत्यसंस्काराला पुरेसे आहेत. पेटी उघडण्याची अवजारे व प्रशिक्षित माणूस तिथे ठेवावा.

७. अंत्यसंस्कार तिकडे करून अस्थी आणणाऱ्यांनाही हीच मदत मिळावी. पैशांअभावी किंवा देह फार दिवस राहिल्याने काही कुटुंबे हा निर्णय घेतात. चांदोदला नर्मदेत विसर्जन करताना त्यांचे दुःख कमी नसते.

८. आयटीआय, महाविद्यालये आणि परदेशी पाठवणाऱ्या सल्लागारांनी निघण्यापूर्वी प्रत्येकाला पार्थिव परत आणण्याचा खर्च धरलेला विमा समजावून द्यावा. सही घेतल्याचा कागद ठेवणे परवान्याची अट असावी.

आमचा वाटा

सगळे शासनाने करावे, असे आम्ही म्हणत नाही. परदेशी असलेल्यांची नोंदवही आम्ही ठेवू. पासपोर्टाची प्रत, मालकाचा पत्ता, विम्याचा क्रमांक आणि वारसाचे नाव त्यात असेल. कागद भरायला येणारे चार स्वयंसेवक नोडल अधिकाऱ्याच्या दिमतीला देऊ. वर्गणीतून राखीव रक्कमही ठेवू, म्हणजे निधी मंजूर होईपर्यंत पेटी अडणार नाही.

मागण्या १, २ आणि ६ यांना नवा कायदा लागत नाही, मोठी तरतूदही लागत नाही. आपल्या सहीचे परिपत्रक पुरेसे आहे. त्या तीस दिवसांत मान्य व्हाव्यात आणि उरलेल्यांवर बैठकीसाठी आम्हाला वेळ द्यावा, ही विनंती. तीस दिवसांत उत्तर न आल्यास आम्ही माहितीच्या अधिकारात प्रत्येक मागणीची स्थिती विचारू आणि हाच विषय महापालिकेच्या सभेत नगरसेवकांमार्फत मांडू.

आपले विश्वासू,
अध्यक्ष व चिटणीस
(कार्यकारिणीच्या वतीने)
छाणी, वडोदरा